अडतिसावा होकार

मित्रांनो, जुन्या छत्रीचं, जुन्या सायकलचं, फाटक्या पुस्तकाचं मनोगत तुम्ही परीक्षेत लिहिलं असेल. माझं लिहा असं कुणी सांगितलं नसेल, कारण मी कोण हेच पुष्कळांना माहीत नाही. मी एक जुना डोंगल आहे. काड्यापेटीएवढी पांढुरकी प्लॅस्टिकची डबी, एका बाजूला पंचवीस टाचण्या, दुसऱ्या बाजूला पंचवीस भोकं. संगणकाच्या पाठीमागे जिथे प्रिंटरची वायर लागायची, तिथे मला खोचायचे. महागडं सॉफ्टवेअर सुरू झालं की आधी मला विचारायचं, "आहेस का?" मी म्हणायचो, "हो." मग ते चालायचं. मी जागेवर नसलो तर पडद्यावर एक ओळ टाकून गप्प बसायचं. एका प्रतीचे पैसे भरून कुणी दहा संगणकांवर ती चालवू नये, म्हणून कंपनीने मला पहाऱ्याला बसवलेलं. समीकरणं ते सोडवायचं, आलेख ते काढायचं. माझ्याकडे एकच उत्तर, आणि त्याला लागणारा प्रश्नही एकच.

आयुष्यात मी एकूण सदतीस वेळा "हो" म्हटलं. अडतिसाव्या वेळी मला म्हणता आलं नाही. माझी गोष्ट त्या अडतिसाव्या वेळेची आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवण्यासारखं तिथे काही नव्हतं. माझ्यासारखे हजारो होते आणि सगळे "हो"च म्हणत होते. जून १९९८ मध्ये एका खोक्यात बसून मी जालन्याच्या एका खाजगी तंत्रनिकेतनात आलो. खोक्यात माझ्यासोबत एक सीडी आणि विटेएवढी जाड दोन पुस्तकं होती. मला विद्यार्थ्यांसाठी आणलं असं पावतीवर होतं. खरं म्हणजे पुढच्या महिन्यात तपासणी समिती यायची होती, आणि तिच्या यादीत "तांत्रिक आकडेमोडीचे सॉफ्टवेअर: आहे / नाही" असा एक रकाना होता. तो रकाना भरायला मी आलो.

समिती आली. मला खोचलं. पडद्यावर घोंगडी झटकावी तसा लाटालाटांचा रंगीत आलेख उमटला. समितीच्या साहेबांनी मान डोलावली. प्राचार्य म्हणाले, "साहेब, आपल्या भागात हे दुसरीकडं बघायला भेटणार न्हाई." मला त्या दिवशी फार बरं वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल. मला काही वाटलं नाही. मला विचारलं, मी हो म्हटलं.

पहिल्या वर्षी मला सव्वीस वेळा विचारलं गेलं. त्यांतले एकोणीस प्रसंग पाहुण्यांचे. एकोणीस वेळा तोच आलेख, त्याच लाटा, तेच डोलणं. उरलेले सात शिक्षकांचे. विद्यार्थ्यांच्या खात्यावर शून्य. दुसऱ्या वर्षी पाहुणे आटले आणि आकडा अकरावर आला. सव्वीस आणि अकरा, सदतीस. हिशेब मी चोख ठेवतो. दुसरं करण्यासारखं काही नसतं.

बाकीचा वेळ मी कपाटात असायचो. भांडारातलं ते लोखंडी कपाट काकासाहेबांच्या ताब्यात होतं. काकासाहेब म्हणजे आमचे भांडारपाल, मूळ वडीगोद्रीचे. माणूस प्रामाणिक, टाचणीलाही हात न लावणारा आणि इतरांनाही लावू न देणारा. त्यांच्या आधीच्या भांडारपालाच्या काळात मोजणीचं एक यंत्र हरवलं होतं, आणि त्या बिचाऱ्याचे निवृत्तीचे कागद चार वर्षं अडले होते. ही कथा काकासाहेब प्रत्येक नव्या शिपायाला सांगायचे, देवाची सांगावी तशी. तेव्हा वस्तू वापरली नाही म्हणून कुणाचे कागद अडल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. हरवली म्हणून अडलेले पाहिले होते. माणूस जे पाहतो त्यावर चालतो.

"सील तुटलं की माल जुना झाला," हे त्यांचं ब्रीद. त्यांच्या स्कूटरच्या सीटवर शोरूममधलं प्लॅस्टिक सहा वर्षांनीही शाबूत होतं. उन्हाळ्यात त्याचा असा चटका बसायचा की ते अर्धवट उभं राहूनच गाडी चालवायचे. पण सीट नवी होती. माझ्यासोबत आलेल्या दोन जाड पुस्तकांचं प्लॅस्टिकही त्यांनी फाडलं नाही, कुणाला फाडू दिलं नाही. सीडी तेवढी नाइलाजाने बाहेर काढली. पुस्तकं माझ्या शेजारी चकचकीत पडून राहिली.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, मित्रांनो. वरच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानात एक निळं कार्ड ठेवलेलं होतं. आम्ही एकाच खोक्यातून आलो, त्यामुळे मला ठाऊक होतं. त्यावर लिहिलं होतं की ही प्रत घेणाऱ्या संस्थेच्या दहा विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअरची विद्यार्थी प्रत विनामूल्य मिळेल. विद्यार्थी असल्याचा दाखला आणि संस्थाप्रमुखांची सही पाठवावी, टपालखर्च स्वतःचा. मुदत ३० जून २०००. त्या प्रतीला डोंगल लागणार नव्हता. म्हणजे माझ्याशेजारी माझीच सुट्टी गुंडाळून ठेवली होती. मी हे कुणाला सांगितलं नाही. मला कुणी विचारलं नाही.

ऑक्टोबर १९९९ मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे शेतकरी नांगराची, कारागीर हत्यारांची पूजा करतो, तशी काकासाहेब भांडाराची करायचे. टेबलावर पांढरं कापड अंथरून त्यांनी मीटर, पक्कड, करवत, पट्ट्या आणि सगळ्यांच्या मधोमध मला मांडलं. बाकीच्यांना कोरडं कुंकू. मी सगळ्यांत किमती, म्हणून माझा मान मोठा. मी नीट बसावं म्हणून मला टाचण्या खाली, भोकं वर असं ठेवलं, वाटीत कालवलेल्या ओल्या हळदीचं बोट लावलं आणि वर नारळाचं पाणी शिंपडलं. थेंब भोकांत उतरला. काकासाहेबांनी डोळे मिटून हात जोडले, "औंदाबी सगळं शाबूत ठेव." मग मला पुसून, आदराने, ओलंच कपाटात ठेवलं.

त्यानंतर तीन महिने कुणी मला विचारलं नाही.

जानेवारीत सत्यशीला आली. विद्युत शाखेच्या शेवटच्या वर्षाला होती, गाव वाटूर. हातात विभागप्रमुखांच्या सहीची चिठ्ठी. ती मिळवायला तिला तीन आठवडे लागले होते. काकासाहेबांनी चिठ्ठी उजेडाकडे धरून वाचली.

"हितं लिहिलंय, सॉफ्टवेअर वापरायला द्यावं. सॉफ्टवेअर तिकडं कम्प्युटरमधी हाय. वापर की. डोंगल कुठं लिहिलाय?"

"काकासाहेब, डोंगलबिगर ते चालत न्हाई."

"मंग तसं लिहून आण."

ती गेली, तसं लिहून घेऊन दुसऱ्या दिवशी आली. काकासाहेबांना आता हरकत काढायला जागा नव्हती. म्हणून त्यांनी चौकशी काढली.

"काय करायचंय त्येचं?"

"प्रोजेक्ट हाय. आमच्या वाटूरच्या एका डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवरल्या मोटरींचं व्होल्टेज काढायचंय."

"त्येला मीटर पुरतं. मीटर देऊ का? मीटर लगेच देतो."

"मीटर एका वक्ताला एकाच मोटरीवर लागतं, काकासाहेब. एकतीस मोटरी एकदम चालल्या तर शेवटच्या मोटरीला काय भेटतं, ते काढायचंय. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढती, करंट वाढला की व्होल्टेज आणखी पडतं. मंग पुन्हा पहिल्यापसून आकडेमोड. मी दिवाळीत कॅल्क्युलेटरवर करून पाह्यलं. सातव्या फेरीला कळलं, तिसऱ्या फेरीत एक आकडा चुकला होता."

"इतका खटाटोप कशाला? सोपं घ्यायचं एखादं प्रोजेक्ट. घंटी-बिंटी करायची."

 मग ती जे बोलली ते कपाटाच्या फटीतून मी ऐकलं.

तिचे वडील संपत वाटूर फाट्यावर मोटर रिवाइंडिंग करायचे. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार उसकटून नवी भरायची, हे काम. त्या वर्षी भरून दिलेल्या मोटरी पंधरा दिवसांत पुन्हा जळून यायला लागल्या. लाइनीच्या अगदी शेवटच्या टोकाला बद्रीनाथ नावाच्या शेतकऱ्याचं रान होतं. त्याची मोटर दसऱ्यापासून तीनदा जळाली. संपतचं दुकान ज्या गाळ्यात होतं, तो गाळाही बद्रीनाथचाच. त्याने फाट्यावर चार माणसांत सांगितलं, संपत जुनी तार भरतो. आठवड्याला अकरा मोटरी यायच्या, त्या दोनवर आल्या.

"तुहे वडील काय म्हणले मंग?" काकासाहेबांनी विचारलं.

"बाबा काहीच म्हणत न्हाईत. निस्ते बसून राह्यलेत." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, वाइंडिंगची तार गुंडाळावी तसं. "बद्रीनाथ भाऊ म्हणले, तुही पोरगी कम्प्युटर शिकून राह्यली ना? मंग कम्प्युटरचा कागद आण. कम्प्युटर कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई. कागदावर व्होल्टेजचा दोष निघाला तर गाळा तुहा. न्हाई तर पाडव्याला खाली कर."

काकासाहेबांनी कपाट उघडलं. "माहीबी वडीगोद्रीची मोटर दोनदा जळाली," ते कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखे बोलले. "मी त्या भरणाऱ्याला लई बोललो होतो." मग रजिस्टर पुढे सरकवलं. "हितं सही कर. घंटा व्हायच्या आत परत."

सही झाली. विद्यार्थ्यांच्या खात्यावरचा तो पहिला प्रसंग. तिच्यासोबत भुजंग होता, भोकरदनचा, तिचा प्रोजेक्टमधला जोडीदार. कारण प्रोजेक्ट दोघांचं असतं आणि काम एकाचं. त्याने मला संगणकाच्या मागे खोचलं. सत्यशीलाने सॉफ्टवेअर सुरू केलं. सॉफ्टवेअरने मला विचारलं, "आहेस का?"

मी होतो. पण माझ्या तोंडात हळद होती. नारळाच्या पाण्याने आतलं पितळ खाल्लं होतं. मी काहीच बोलू शकलो नाही.

त्यांनी मला काढून पुन्हा खोचलं. पाच वेळा. भुजंग म्हणाला, "फुंकर मारू का?" मारली. शेवटी सत्यशीलाने मला खिडकीशी नेऊन भोकांत निरखून पाहिलं. वाइंडिंगवाल्याची पोरगी, जळालेलं, गंजलेलं, भिजलेलं असं धातूचं सगळं तिने लहानपणापासून पाहिलेलं. ती मला घेऊन भांडारात आली.

"काकासाहेब, ह्याच्यात पिवळं काय हाय?"

काकासाहेबांनी मला हातात घेतलं. चष्मा वर केला. त्यांना दिसलं, मला माहीत आहे, कारण त्यांनी अंगठा भोकांवर दाबून धरला.

"तांब्याचा गंज आसंल."

"तांब्याचा गंज हिरवा राह्यतो."

भांडारात दुसरं कुणी नव्हतं. पंखा फिरत होता. काकासाहेबांच्या टेबलाच्या काचेखाली त्यांच्या निवृत्तीची तारीख लिहिलेली होती, अडीच वर्षांवरची. त्यांनी रजिस्टर उघडलं, लाल शाई घेतली आणि माझ्या नावासमोर लिहिलं: "विद्यार्थिनी कु. सत्यशीला हिच्या वापरात असताना निकामी." म्हणजे आज सकाळपर्यंत वस्तू ठीक होती; हेही खोटं ठरत नव्हतं, कारण आज सकाळपर्यंत कुणी पाहिलीच नव्हती.

प्राचार्यांनी तिला बोलावलं. ती उभी राहिली. हळदीचं नाव तिने काढलं नाही. काढलं असतं तर कुणी मानलं असतं की नाही, ते सोडा. तिने काढलंच नाही. मला वाटतं ती त्या वेळी काकासाहेबांना पाहत नव्हती. फाट्यावर नुसत्या बसून राहिलेल्या एका माणसाला पाहत होती. मोटर कुणी का जाळेना, शेवटचा हात ज्याचा लागला तो चोर, हा हिशेब तिला घरातून पाठ होता.

भुजंग तेवढा बाहेर आल्यावर बोलला, "तू बोलली का न्हाई, बये?"

"सही त्यांचीच लागती नंतर. नो ड्यूजवर."

मित्रांनो, आता पुढचं ऐका. निकामी वस्तूची तक्रार कंपनीला कळवायची, तर कंपनीचा पत्ता हवा. पत्ता पुस्तकात. पुस्तक प्लॅस्टिकमध्ये. काकासाहेब दोन दिवस ते प्लॅस्टिक न फाडता, पुस्तक उजेडाकडे तिरकं धरून पत्ता वाचायचा प्रयत्न करत होते. शेवटी प्राचार्यांचा निरोप आला तेव्हा त्यांनी ब्लेडने, शिवण उसवावी तसं, एका कडेने ते कापलं. पुस्तक उघडलं. शेवटचं पान आलं. निळं कार्ड टेबलावर पडलं.

त्यांनी ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. दीड वर्ष ते कार्ड त्यांच्या कपाटात होतं, त्यांच्याच राखणीत. हरवलं नव्हतं. शाबूत होतं.

ते प्राचार्यांकडे गेले आणि सूचना फलकावर कागद लागला: दहा विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअर फुकट. ज्या सॉफ्टवेअरचं दीड वर्षात सत्यशीलाखेरीज एकाही विद्यार्थ्याने नाव काढलं नव्हतं, त्यासाठी दोन दिवसांत त्रेसष्ट अर्ज आले. त्यांतल्या एकोणसाठ जणांच्या घरी संगणक नव्हता. एकाने, बहुधा स्वेटर समजून, अर्जात "साइज मोठा असावा" असंही लिहिलं होतं. सत्यशीलाचा अर्ज चौथा होता. तिने मागे आपल्या एकतीस मोटरींचा नकाशा जोडला होता, कुणाचं रान किती खांबांवर, सगळं पायी चालून मोजलेलं.

प्राचार्य न्यायी माणूस. म्हणाले, "भेदभाव नको. चिठ्ठ्या काढा." चिठ्ठ्या काकासाहेबांच्या टोपीत टाकल्या. काढायलाही तेच. दहा चिठ्ठ्या निघाल्या. सत्यशीलाचं नाव निघालं नाही.

नववी चिठ्ठी भुजंगची होती.

"आयला," भुजंग म्हणाला. "आजपस्तोर मही लॉटरी कंधी लागली न्हाई. आन लागली तर गणिताची!"

सत्यशीला त्याच्याकडे बघत उभी राहिली. काकासाहेब रिकामी टोपी उलटी करून आत पाहत राहिले, अजून एखादी चिकटून राहिली असेल तर म्हणून.

"बघायली काय मह्याकडं?" भुजंग तिला म्हणाला. "प्रोजेक्ट आपलं दोघायचं हाय ना? मही सीडी, तुहं डोकं. मला निस्तं व्हायवाच्या आधी सांग, आपण काय केलंय ते."

दाखला, सही, शिक्का, पाकीट, सगळं सत्यशीलाने केलं. नाव भुजंगचं. मार्चच्या मध्यावर सीडी आली. पाडवा तीन आठवड्यांवर होता. प्रयोगशाळा भांडाराच्या समोरच. दार उघडं असलं की मला दिसायचं. सीडी घातली, सॉफ्टवेअर सुरू झालं. त्याने कुणालाच विचारलं नाही. सरळ चाललं.

मला वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. सांगता येत नाही. मी कपाटात होतो, नेहमीसारखा.

एकतीस मोटरींची आकडेमोड, दिवाळीत जिच्या सात फेऱ्यांना सोळा दिवस लागले होते, ती चाळीस फेऱ्यांसकट डोळ्याचं पातं लवायच्या आत झाली. सत्यशीलाने विश्वास न बसून तीच पुन्हा तीनदा केली. मग ती भांडारात प्रिंटरचा कागद मागायला आली.

"किती पानं?" काकासाहेबांनी विचारलं.

"दोन."

त्यांनी दहा दिली. त्यांच्या आयुष्यात त्यांनी मागणीपेक्षा जास्त दिलेली ती एकच वस्तू. माझ्याकडे नोंद आहे.

पाडव्याला वाटूर फाट्यावर काय झालं ते मी जूनमध्ये ऐकलं. निकाल लागायच्या आधी सगळ्या विभागांची नो ड्यूजची सही लागते. ती घ्यायला सत्यशीला आली, सोबत तिचे वडील. संपत अंगाने हडकुळे, हाताच्या बोटांना वार्निशचा तांबूस रंग कायमचा चढलेला. काकासाहेबांनी त्यांना स्टूल दिलं आणि आधी मोटरीचंच विचारलं.

"मंग? मानलं का बद्रीनाथनं?"

"आवं, गंमतच झाली," संपत म्हणाले. बोलत नाहीत असं ऐकलेला माणूस त्या दिवशी भरपूर बोलला. "कागद वाचला समद्यांसमोर. डीपीवर चारशे पंधरा. शेवटाला, बद्रीभाऊच्या रानात, दोनशे अठ्ठ्याण्णव. बद्रीभाऊ म्हणले, एकतीस मोटरी कुठून आल्या? सरकारी कागदावर चौदाच हायेत. मंग समद्यांनी माना खाली घातल्या. उरलेल्या, चोरून जोडलेल्या सतरांचे मालक तिथंच उभे होते!"

काकासाहेब हसले. सत्यशीलाही थोडी हसली.

"मंग त्यांनी पानाच्या डोक्यावर बोट ठेवलं. तिथं छापून येतं ना, ही प्रत कुणाची. म्हणले, हा भुजंग कोण? मी म्हणलं, भोकरदनचा हाय एक. म्हणले, तुमचा कोण लागतो? म्हणलं, कुणीच न्हाई. तुमच्या जातीचा? न्हाई. म्हणले, मंग बराबर हाय! तिऱ्हाइतानं काढलेलं हाय. तुह्या पोरीनं काढलं आस्तं तर म्या बिलकुल मानलं नस्तं."

"मंग तुम्ही सांगितलं का, हिनंच काढलं म्हणून?"

"म्या तोंड उघडलंच होतं," संपत म्हणाले, "हिनं मागून सदरा वढला."



"गाळा राह्यला ना, बाबा," सत्यशीला म्हणाली. तिच्या आवाजात आनंदही नव्हता, रागही नव्हता. मला तो आवाज ओळखीचा वाटला.

"राह्यला," संपत म्हणाले. "आता पाळी लावली हाय, निम्म्यांनी सकाळी, निम्म्यांनी दुपारून. दोन दिवस पाळली. तिसऱ्या दिवशी पुन्हा एकतीस. पण आता मोटर जळाली तर शिव्या व्होल्टेजला देत्यात. मला न्हाई."

काकासाहेबांनी रजिस्टर काढलं. नो ड्यूजचा कागद बाजूला ठेवून आधी तेच उघडलं. माझं पान. लाल ओळ. तिच्यावर त्यांचं बोट बराच वेळ राहिलं.

"पोरी," ते म्हणाले, "म्हंजे व्होल्टेज कमी आसलं की वस्तू निकामी होती, हे आता कागदावर सिद्ध झालंय?"

"मोटर जळती, काकासाहेब."

"वस्तू ती वस्तू."

त्यांनी पट्टी घेतली, लाल ओळ तिच्या नावासकट सरळ खोडली, आणि काळ्या शाईत लिहिलं: "वीजदाब कमी असल्यामुळे निकामी." सही केली. तारीख घातली. मला लागणारी वीज मुंगीच्या मिशीलाही पुरणार नाही, हे त्या खोलीतल्या तिघांपैकी निदान दोघांना ठाऊक होतं. मग त्यांनी नो ड्यूजवर शिक्का मारला, इतका जोरात की टेबलाची काच वाजली.

सत्यशीलाने कागदाची घडी केली. कपाट उघडंच होतं. तिने मला उचलून एकदा भोकांत पाहिलं आणि जागेवर ठेवलं. दारापर्यंत गेली आणि वळली.

"काकासाहेब, औंदा खंडेनवमीला त्याला हळद कोरडीच लावा."

काकासाहेबांनी वर पाहिलं नाही. पेनाला टोपण घालता घालता म्हणाले, "हां."

मित्रांनो, माझ्या हिशेबात ती जमा आणि खर्च दोन्ही अशी बसते: एका कागदावरून तिचं नाव खोडलं गेलं, दुसऱ्यावर ते छापलंच नाही. बेरीज शून्य. ती पुढे कुठे गेली मला माहीत नाही. भुजंग तोंडी परीक्षेत उत्तम गुणांनी पास झाला, एवढं ऐकलं.

आता पुष्कळ वर्षं झाली. मला खोचायला जागा असलेला संगणक या इमारतीत उरलेला नाही. काकासाहेब निवृत्त झाले. त्यांचे कागद एक दिवसही अडले नाहीत. जाण्यापूर्वी दोन खंडेनवम्या त्यांनी माझी पूजा केली, शब्द पाळून. मला एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचं तोंड बांधलं, आणि कोरडी हळद पिशवीला लावली. नवा भांडारपालही तसंच करतो. का, ते त्याला माहीत नाही.

तुमच्याकडे माझं मागणं थोडं आहे. वस्तू जपा, पण तिला कामाला लावून जपा. नवीन पुस्तक आलं की त्याचं प्लॅस्टिक त्याच दिवशी फाडा आणि शेवटचं पान आधी वाचा. तुमच्या नावाचं काही तिथे वाट पाहत असेल, आणि त्याला मुदत असेल. आणि एखादी गोष्ट बिघडली की शेवटचा हात कुणाचा लागला हे विचाराल, ते विचाराच. पण त्याच्या आधीचे हातही मोजा.

आणि कधी या बाजूला आलात, हे कपाट उघडलंत, तर पिशवीची गाठ सोडून मला एकदा विचारून पाहा. उत्तर येणार नाही. तरी विचारा. सत्यशीलाचा तो "आहेस का?" अजून माझ्याकडे बाकी आहे.